लहान घोड्याचा खोकला : औषधाआधीं हवा

मालवणच्या किनारपट्टीवरील शेतकऱ्याला बैलाची प्रकृति जितकी ठाऊक असते तितकी घोड्याची नसते, आणि यांत त्याचा कांहीं दोष नाहीं. शिवछत्रपतींचें घाटावरील सामर्थ्य घोड्यांच्या टापांवर उभें होतें. पण मालवणास त्यांनीं १६६४ मध्यें कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला तो आरमारासाठीं. खाड्या, डोंगरउतार व चिखलाचीं भातशेतें यांच्या या प्रदेशांत माणसाचें ओझें होडीनें वाहिलें, नांगर बैलानें ओढला. घोडा येथें नेहमींच पाहुणा राहिला. त्यामुळें एखाद्या घरीं आज लहानसें तट्टू आलें, मग तें किनाऱ्यावर पर्यटकांच्या मुलांना बसविण्यासाठीं असो, लग्नाच्या वरातीसाठीं असो, कीं मुंबईच्या चाकरमान्यानें नातवंडांच्या हौसेखातर गांवच्या घरीं आणून ठेवलेलें असो, त्याची व्यवस्था घरांतील मंडळी सहजच गुरांच्या धर्तीवर करतात. ज्या गोठ्यांत गाय बांधली जाते त्याच गोठ्यांत तें बांधलें जातें, जो पेंढा बैल खातो तोच त्याच्यापुढें पडतो, आणि पावसाळ्यांत तें खोकूं लागलें म्हणजे बैलाला जसा काढा पाजतात तसाच त्यालाही पाजला जातो.

येथेंच घोडें पेंड खातें. बैलाला जें सोसतें तें घोड्याला सोसेलच असें नाहीं. विशेषतः श्वासाच्या बाबतींत तर या दोन जनावरांची रचनाच वेगळी आहे. ही रचना नीट समजून घेतली म्हणजे पडशाखोकल्यांत घरच्या घरीं काय करावें व कोणत्या गोष्टीला हात लावूं नये, हें बहुतांशीं आपोआप उलगडतें.

प्रथम लहान घोडा कशाला म्हणावें तें पाहूं जातां, आयाळ जेथें संपते त्या खांद्यावरील उंचवट्यापासून जमिनीपर्यंतचें अंतर हें घोड्याच्या उंचीचें माप मानतात. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांतील तट्टू बेचाळीस इंचांहून उंच नसतें. त्याहूनही ठेंगणे, चौतीस इंचांच्या आंतील घोडे अमेरिकेंत व अर्जेंटिनांत मुद्दाम निपजविले गेले. अर्जेंटिनांतील फालाबेला ही जात यांत प्रसिद्ध आहे. असला ठेंगणा घोडा वजनानें शंभर किलोंच्या आसपास भरतो. आपल्या देशांत मणिपूर, स्पिती, झांस्कर येथील तट्टें यांच्यापेक्षां उंच, परंतु मोठ्या घोड्यांच्या मानानें लहानच. आकार कसाही असला तरी श्वासाचे नियम या सर्वांना सारखेच लागू आहेत. फक्त जनावर जितकें लहान तितकी चुकीला जागा कमी.

शेटलंडच्या तट्टाची कथा या विषयांत बोधप्रद आहे. हें जनावर शतकानुशतकें उत्तर समुद्राच्या वाऱ्यांत व हिमवृष्टींत उघड्यावर वाढलें. १८४२ च्या कायद्यानें इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत लहान मुलांना जमिनीखालीं राबविण्यास बंदी झाली, तेव्हां गाड्या ओढण्यासाठीं हीं तट्टें मोठ्या संख्येनें खाणींत उतरविण्यांत आलीं. बेटांवरील बोचरें वारें सोसण्यास निसर्गानें त्यांना दाट लोकर दिली होती; खाणींतील धूळ व कोंदट हवा सोसण्यास मात्र त्यांच्यापाशीं कांहींच साधन नव्हतें. घोडा हा मोकळ्या माळावरचा प्राणी आहे. थंडी, वारा व पावसाची सर यांशीं त्याचें फारसें वैर नाहीं. त्याचें वैर आहे तें कोंडलेल्या हवेशीं, धुळीशीं व बुरशीशीं.

आतां त्याच्या शरीराकडे वळावें. मनुष्याचें नाक चोंदलें कीं तो तोंडानें श्वास घेतो. बैलही धापा टाकतांना तोंड उघडतो. घोड्याला तें साधत नाहीं. त्याच्या टाळूचा मागील मऊ पडदा इतका लांब असतो कीं तोंडाची व श्वासाची वाट एकमेकींपासून जवळजवळ तुटलेली राहते. म्हणून घोडा केवळ नाकानेंच श्वास घेऊं शकतो. नाकपुड्यांत शेंबूड दाटला म्हणजे त्याला दुसरी वाटच उरत नाहीं. शिवाय घोडा ओकूं शकत नाहीं. फुप्फुसांत गेलेली धूळ किंवा कफ बाहेर टाकण्यासाठीं निसर्गानें त्याला एक सोपी युक्ति दिली आहे : तो दिवसांतून कित्येक तास मान खालीं घालून चरतो, आणि त्या स्थितींत श्वासनलिकेंतील मळ आपल्याच वजनानें खालीं उतरून नाकावाटे निघून जातो. त्याच घोड्याची मान दावणीला उंच व आंखूड बांधली, कीं हा निचरा थांबतो. लांबच्या प्रवासांत गाडींत मान वर बांधून नेलेल्या घोड्यांना पुढें फुप्फुसाचा दाह होतो, त्याचें एक मोठें कारण हेंच होय.

मालवणच्या बाजूचा गोठा या दृष्टीनें पाहावा. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, छप्पर कौलारू, वर माळ्यावर वर्षाचा पेंढा रचलेला. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या घरांत जाते, आणि आंबोलीच्या घाटांत तर ती त्याच्या दुपटीहूनही अधिक. जून ते सप्टेंबर हवेंत इतका दमटपणा असतो कीं पेटीतील कपड्यांनाही बुरशी धरते; मग पेंढ्याची कथा काय? भाताची कापणी परतीच्या पावसांत सांपडली तर पेंढा मुळांतच ओलसर रचला जातो. तो वरून पिंवळा, कोरडा दिसतो; पण कवळी झटकतांच करड्या रंगाची बारीक भुकटी उडते. ती नुसती माती नव्हे. बुरशीचे असंख्य सूक्ष्म कण त्यांत असतात. बैल तें खाऊन रवंथ करीत बसतो. घोडा मात्र त्यांत नाक खुपसून प्रत्येक घांसाबरोबर तें फुप्फुसांत ओढतो.

याशिवाय दोन गोष्टी घरोघरीं सद्हेतूनेंच केल्या जातात. पहिली, पावसाचा झोत येऊं नये म्हणून खिडक्या झापांनीं बंद करणें. दुसरी, तिन्हीसांजेला डांसांसाठीं नारळाच्या सोडणांची धुरी करणें. या दोहोंमुळें हवा कोंडते, धूर सांठतो, आणि मूत्रानें भिजलेल्या जमिनींतून उठणारा उग्र वायु आंतच घुमत राहतो. डोळ्यांना झोंबणारा हा वास उभ्या माणसाला विशेष जाणवत नाहीं, याचें कारण त्याचें नाक जमिनीपासून पांच फुटांवर असतें. लहान तट्टाचें नाक तेथून दोनअडीच फुटांवर, आणि तें आडवें झालें कीं अगदीं जमिनीलाच टेकलेलें. ज्याला आपल्या गोठ्याची परीक्षा करावयाची असेल त्यानें पहांटे दार उघडतांच तट्टाशेजारीं उकिडवें बसावें आणि चारपांच दीर्घ श्वास घ्यावे. नाकाडोळ्यांना झोंबलें, तर खोकल्याचें कारण तेथेंच सांपडलें असें समजावें.

या धुळीबुरशीच्या खोकल्याचीं लक्षणें ओळखण्यासारखीं आहेत. ताप नसतो, भूक असते, डोळे टवटवीत असतात. खाण्याच्या आरंभीं किंवा चालावयास लागतांना चारदोन वेळां कोरडा खोकला येतो. पुष्कळ मालक याकडे दुर्लक्ष करतात. ‘जनावर म्हटलें कीं खोकायचेंच’ असें म्हणून सोडून देतात. परंतु महिनेच्या महिने ही स्थिति चालूं दिली तर श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात, कफ दाटतो, आणि पुढें श्वास सोडतांना तट्टाला पोटाचा जोर लावावा लागतो. बरगड्यांच्या मागच्या कडेनें एक तिरपी रेघ उमटूं लागते. हा घोड्याचा दमा होय. तो एकदां जडला म्हणजे आटोक्यांत ठेवतां येतो, पण मुळासकट जात नाहीं. म्हणून जें करावयाचें तें आरंभींच करावें, आणि सुदैवानें तें घरच्याच हातचें आहे.

पहिला उपाय हवेचा. समोरासमोरच्या भिंतींत वरच्या बाजूस दोन झरोके कायमचे उघडे ठेवावे. पावसाचा झोत अडविण्यास बाहेरून तिरपें छपरूं पुरतें. पाऊस उघडला कीं तट्टाला बाहेर मोकळें सोडावें. रिमझिम पावसांत पडवीसारखा तीन बाजूंनीं उघडा आसरा बंद गोठ्यापेक्षां शतपटीनें बरा. अंग भिजलें तर पोत्याच्या तुकड्यानें खसखसून पुसावें. ओलें घोंगडें मात्र पाठीवर ठेवूं नये. डांसांसाठीं धुरीऐवजीं जाळी लावावी व भोंवतालचें सांचलेलें पाणी काढावें.

दुसरा उपाय वैरणीचा. तट्टाच्या डोक्यावरील माळ्यावर पेंढा सांठवूं नये; तो वेगळ्या मांगरांत ठेवावा. ज्याला बुरशीचा वास येतो तो पेंढा फेकून द्यावा. तो भिजवूनही निर्दोष होत नाहीं. चांगलें वाळलेलें गवतही खोकणाऱ्या तट्टाला कोरडें घालूं नये. दहा मिनिटें ते अर्धा तास स्वच्छ पाण्यांत पूर्ण बुडवून, निथळून, ओलें असतांनाच द्यावें. कोंकणच्या उष्ण हवेंत भिजलेलें गवत लौकर आंबतें. यासाठीं एका वेळेपुरतेंच भिजवावें, उरलेलें काढून टाकावें आणि तें पाणीही फेकावें. हरभरे, भरडा किंवा कोंडा द्यावयाचा तो पाण्यानें ओला करून. वैरण उंच गव्हाणींत घालण्याऐवजीं जमिनीवरील घमेल्यांत ठेवावी, म्हणजे मान खालीं राहून कफाचा निचरा होईल. पण ती वाळूवर टाकूं नये, कारण पोटांत गेलेली वाळू सांचून शूळ उठतो. बांधावयाचें झाल्यास दोर एवढा लांब असावा कीं तट्टाचें नाक सहज जमिनीला टेकेल.

तिसरा उपाय जमिनीचा. ओली झालेली आंथरी रोज काढावी. अंथरण्यासाठीं भाताचें कोरडें तूस वापरल्यास धूळ उडते. त्यापेक्षां या किनाऱ्यावर मिळणारा काथ्याचा भुसा किंचित ओलसर करून वापरणें बरें. झाडलोट करतांना तट्टू बाहेर काढावें, व धूळ बसल्यावर अर्ध्या तासानें आंत घ्यावें. एवढें केल्यावर पुष्कळ तट्टांचा खोकला कोणतेंही औषध न देतां कांहीं आठवड्यांत उतरतो.

सर्वच खोकले मात्र धुळीचे नसतात. कांहीं संसर्गानें येतात, आणि त्यांचा वेग विलक्षण असतो. १८७२ सालीं उत्तर अमेरिकेंत घोड्यांच्या पडशाची जी सांथ पसरली तिनें कॅनडापासून दक्षिणेपर्यंतच्या शहरांचे व्यवहार ठप्प केले; ट्राम थांबल्या, माल गोद्यांत पडून राहिला. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें बोस्टन शहराला मोठी आग लागली तेव्हां बंबांचे घोडे आजारी असल्यामुळें माणसांना ते बंब हातांनीं ओढावे लागले. आपल्या देशांत असा ज्वर १९८७ मध्यें उत्तरेकडे पसरला आणि २००८ मध्यें जम्मूजवळील कटरा येथून पुन्हां उद्भवला. या रोगांत एक ते तीन दिवसांतच जोराचा ताप चढतो, कोरडा, घणघणीत खोकला सुरू होतो, नाकांतून पाणी वाहतें. बहुतेक घोडे बरे होतात. मात्र त्यांना विसांवा मिळाला तरच. याला प्रतिबंधक लस आहे. हरियाणांतील हिसार येथें १९८५ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानें या कामीं मोठें कार्य केलें आहे. ज्यांचीं तट्टें जत्रांना, वरातींना किंवा शर्यतींना जातात त्यांनीं लसीविषयीं पशुवैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

दुसरा सांसर्गिक रोग गळ्याच्या गांठींचा. यांत ताप येतो, तट्टू खाणें सोडतें, नाकांतून घट्ट पिंवळा पू वाहतो, आणि जबड्याखालील गांठी सुजून पुढें फुटतात. पिकण्यापूर्वीं त्या घरीं कापूं किंवा पिळूं नयेत. या रोगाचे जंतु पाण्याच्या बादलीवाटे, लगामावाटे व माणसाच्या हातांवाटे पसरतात. कांहीं घोडे वरून बरे दिसले तरी महिनोन्महिने जंतु बाळगून असतात. यासाठीं नवें तट्टू विकत आणलें तर निदान दोनतीन आठवडे तें जुन्या जनावरांपासून दूर ठेवावें, व त्याची बादली, खरारा आणि दोर वेगळे असावे.

धुळीचा खोकला कोणता व संसर्गाचा कोणता हें ठरविण्याचें साधन घरांत असतेंच. तें म्हणजे ताप मोजण्याची नळी. तिला दोरी बांधावी, टोंकाला खोबरेल तेल लावावें, तट्टाच्या बाजूला, पायांच्या मागें नव्हे, उभें राहून ती गुदद्वारांत एक मिनिटभर धरावी. निरोगी घोड्याची उष्णता ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. साडेएकशेएकच्या पुढें गेली तर ताप समजावा. श्वास मोजावयाचे ते तट्टू शांत उभें असतांना, कुशीच्या हालचालीवरून. मिनिटाला आठ ते सोळा श्वास हें साधारण प्रमाण. अगदीं ठेंगण्या जातींत यापेक्षां थोडे अधिक. हे दोन्ही आंकडे सकाळ-संध्याकाळ वहींत लिहून ठेवावे. मालक मुंबईला आणि तट्टू गांवीं, अशी जेथें स्थिति आहे तेथें तर या वहीसारखें साधन नाहीं. ‘जरा बरें वाटतें’ या निरोपापेक्षां ‘काल १०३, आज १०१’ हा निरोप कितीतरी उपयोगी.

साध्या पडशांत शुश्रूषा कशी करावी? पूर्ण विसांवा द्यावा. दहा मिनिटांची फेरीही नको. नाकपुड्या कोमट मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें दिवसांतून दोनतीनदां पुसाव्या व कडांना थोडें खोबरेल लावावें; फडकें नंतर जाळून टाकावें. पाणी नेहमीं ताजें असावें. शंभर किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला पांचसहा लिटर तरी पाणी लागतें, उन्हाळ्यांत त्याहून अधिक. तें किती पितें हें कळण्यासाठीं बादलीनेंच पाजावें. गळा दुखत असेल तर मऊ हिरवें गवत व कोंड्याची पातळ अंबील द्यावी. घट्ट कफ सैल करण्यासाठीं वाफारा द्यावयाचा तर बादलींतील पाणी हाताला सोसेल इतकेंच ऊन असावें, तट्टाचें तोंड बांधूं नये, आणि तें नको म्हणेल तर आग्रह धरूं नये. वाफेंत तीव्र वासाचें तेल घातल्यास सुजलेलें नाक आणखी चुरचुरतें. जिभेवर चमचाभर मध चोळल्यास अपाय नाहीं. गुळाचे खडे मात्र देऊं नयेत, कारण लठ्ठ तट्टांना गोड फार झालें तर खुरांच्या आंतील भागाला सूज येऊन तीं लंगडीं होतात.

आतां जें कधींही करूं नये तें. बांबूच्या नळकांड्यानें किंवा बाटलीनें, मान वर धरून काढा पाजणें ही या बाजूची जुनी रीत आहे. अडुळसा, तुळस व आलें या वनस्पति वाईट नाहींत. वाईट आहे ती पाजण्याची पद्धत. खोकणाऱ्या घोड्याच्या तोंडांत मान वर करून द्रव ओतला कीं तो सहज श्वासनलिकेंत शिरतो व फुप्फुसांत सडतो. साधें पडसें चार दिवसांत उतरलें असतें. हा दाह जीव घेतो. औषध नाकांतून ओतणें तर त्याहूनही घातक. ज्याला पाजल्याविना चैन पडत नाहीं त्यानें काढा कोंड्यांत मिसळून घमेल्यांत ठेवावा. तट्टानें खाल्ला तर खाल्ला.

तसेंच घरांतील माणसांचीं औषधें किंवा गुरांसाठीं आणलेल्या गोळ्या अंदाजानें देऊं नयेत. माणसांना चालणारीं कांहीं जंतुनाशक औषधें घोड्याच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतु मारून प्राणघातक हगवण लावतात. कोंबड्यांच्या व कांहीं गुरांच्या खाद्यांत मिसळलें जाणारें मोनेन्सिन नांवाचें द्रव्य घोड्याच्या हृदयाला विषासमान आहे. म्हणून तसलें खाद्य तट्टापुढें कधींच येऊं नये. मोठ्या घोड्यासाठीं सांगितलेली मात्रा चारशे-पांचशे किलोंच्या जनावराची असते. ती तशीच शंभर किलोंच्या तट्टाला दिली तर तो औषधोपचार राहत नाहीं.

ठेंगण्या जातींचा आणखी एक विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. बैलानें एकदोन दिवस चारा टाकला तर फारशी चिंता नसते. लहान तट्टानें, विशेषतः तें लठ्ठ, गाभण किंवा दुभतें असेल तर, खाणें सोडल्यास त्याच्या अंगावरील चरबी वितळून रक्तांत उतरूं लागते, यकृतावर ताण पडतो, आणि थोड्याच दिवसांत जीव जातो. म्हणजे मूळ रोग साधें पडसें असूनही मरण उपासानें येतें. एक पूर्ण दिवस तट्टानें वैरणीला तोंड लावलें नाहीं, तर खोकला कितीही किरकोळ वाटो, पशुवैद्याला बोलावलेंच पाहिजे.

वैद्याला त्वरित बोलावण्याचीं इतर चिन्हें अशीं : १०२ अंशांच्या वरचा ताप, किंवा दुसऱ्या दिवशींही न उतरणारा ताप, विसांव्यांतही नाकपुड्या फुगवून घेतलेला जलद श्वास, श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज, बरगड्यांना हात लावतांच कण्हणें व हालण्याची नाखुषी, एकाच नाकपुडींतून येणारा दुर्गंधीयुक्त स्राव, ज्याचें मूळ पुष्कळदां किडलेल्या दाढेंत असतें, आणि तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला. दोन्ही नाकपुड्यांतून खाल्लेल्या चाऱ्याचा हिरवट फेंस येऊं लागला तर तें पडसें नव्हेच. अन्ननलिकेंत घांस अडकला आहे. अशा वेळीं चारापाणी काढून घ्यावें, तोंडांत कांहीं ओतूं नये, आणि विलंब न लावतां वैद्याला आणावें.

या सर्वांहून भयंकर म्हणजे ग्लँडर्स हा रोग. यांत नाकांतून चिकट पू येतो, नाकाच्या आंत व्रण पडतात, कातडीखालीं गांठी येऊन त्या फुटतात. तो माणसालाही होतो, आणि प्राणावर बेततो. त्याच्यावर लस नाहीं. हिंदुस्थानांत या रोगासाठीं १८९९ मध्येंच स्वतंत्र कायदा करण्यांत आला होता, यावरून त्याचें गांभीर्य कळावें. २००६ मध्यें महाराष्ट्रांत त्यानें पुन्हां डोकें वर काढलें, व पुढें इतर प्रांतांतही तो आढळला. २००९ च्या कायद्यानें अशा रोगाची खबर पशुसंवर्धन खात्याला देणें मालकावर बंधनकारक आहे. नाकांत व्रण दिसतांच मुलांना तट्टापासून दूर करावें, उघड्या हातांनीं स्राव पुसूं नये, आणि खबर लपवूं नये.

पूर्वीं घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत; अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नांवावरून तो शब्द आला. मुंबईला परळ येथें १८८६ मध्यें पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें तेव्हांपासून या विद्येचें शिक्षण या प्रांतांत शास्त्रीय पायावर चालूं झालें. आज तालुक्याच्या गांवीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, आणि १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि करून पशुवैद्यकीय मदत मागतां येते. तरीही वैद्याची आठवण बहुधा सर्व काढे संपल्यावर होते. हें वरातीमागून घोडें नेण्यासारखेंच आहे. जो वैद्य पहिल्या तापाच्या दिवशीं येतो त्याच्या हातांत उपाय असतात. जो दहाव्या दिवशीं येतो त्याच्या हातीं पुष्कळदां सांत्वनच उरतें.

शेवटचा, आणि मालकांना सर्वांत जड जाणारा प्रश्न विसांव्याचा. ताप उतरला, तट्टू दाणा मागूं लागलें, कीं त्याला कामाला जुंपण्याची घाई होते. किनाऱ्यावर दिवाळीनंतर गर्दीचे दिवस येतात, पुढें लग्नसराई येते. एकेक दिवसाची कमाई डोळ्यांसमोर असते. परंतु श्वासनलिकेच्या आंतील जी नाजूक लव जंतूंनीं जळून गेलेली असते ती पुन्हां उगवण्यास आठवडे लागतात. अनुभवी पशुवैद्यांचा ठोकताळा असा आहे कीं जितके दिवस ताप तितके आठवडे विसांवा, आणि कोणत्याही परिस्थितींत तीन आठवड्यांहून कमी नाहीं. त्यानंतरही पहिल्या आठवड्यांत फक्त लगाम धरून चालवावें. खोकला आला कीं परत फिरावें. या तीन आठवड्यांची कमाई जो सोडतो, त्याला पुढील पंधरा वर्षें काम करणारें जनावर मिळतें. जो सोडीत नाहीं, त्याच्या दारांत जन्माचें दमेकरी तट्टू उभें राहतें. आणि त्याला विकावयास नेलें तर त्याच्या कुशीवरील तिरपी रेघ जाणत्या गिऱ्हाइकाला लांबूनच दिसते.

घोड्याला बोलतां येत नाहीं, पण त्याच्या खोकल्याचा अर्थ लावणें कठीण नाहीं. चारा हुंगतांना खोकतो तो बहुधा पेंढ्याविषयीं तक्रार करतो. ताप घेऊन खोकतो तो विसांवा मागतो. खाणें टाकून खोकतो तो वैद्याला बोलावतो. या तीन भाषा ज्या घरानें ओळखल्या, त्या घरांत औषधांची बाटली क्वचितच लागते. गणेशचतुर्थीला गांवीं येणाऱ्या मंडळींनीं यंदां आरास मांडून झाल्यावर गोठ्याचे झरोके उघडे आहेत कीं झापांनीं बुजविलेले, एवढें जरी पाहिलें, तरी आंत बांधलेल्या त्या मुक्या जिवाचा पुढचा हिंवाळा सुखाचा जाईल.